'स्किप इंट्रो' दाबण्याआधी: पडद्यावरच्या नावांना जिवंत करणारे सॉल बॅस

सुरुवातीलाच एक कबुली देतो. वेब सिरीज लावली की माझा अंगठा आपोआप स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसतो. 'स्किप इंट्रो' दिसलं रे दिसलं की दाबलं. आणि यात मी एकटा नाही. नेटफ्लिक्सने हे बटण २०१७ मध्ये आणलं, आणि २०२२ मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते दिवसाला सुमारे १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं.

मग गेल्या वर्षी आम्ही मित्रांनी फोनवर बारा मिनिटांची एक शॉर्ट फिल्म केली. एका स्पर्धेसाठी. एडिटिंग माझ्याकडे होतं. वेळेची मर्यादा होती, म्हणून मी सगळ्यात आधी कात्री कशावर चालवली असेल? नावांवर. अकरा जणांची नावं सहा सेकंदांत उरकली. अक्षरं बारीक, मागे हलणारं दृश्य, पांढऱ्या आकाशावर पांढरा फाँट. स्क्रीनिंगला आमचा साउंडवाला मित्र आईला घेऊन आला होता. दोन रात्री पावसात छत्री धरून त्याने आवाज रेकॉर्ड केला होता. नावं आली आणि गेली. त्याच्या आईने त्याला विचारलं, तुझं नाव कुठं होतं रे? तो म्हणाला, होतं की. पण ते तिला दिसलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसलं नव्हतं.

त्या रात्री घरी येऊन मी शोधायला बसलो, की सिनेमाची नावं नीट कशी दाखवतात. शोधता शोधता एका माणसापाशी येऊन थांबलो. आज त्याचीच गोष्ट सांगतो. नाव सॉल बॅस.

ब्रॉन्क्समधला चित्रं काढणारा मुलगा

सॉल बॅस यांचा जन्म ८ मे १९२० चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. आईवडील पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेले ज्यू. मुलाला लहानपणापासून चित्रकलेचं वेड. शाळा संपल्यावर मॅनहॅटनच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकायचं आणि जोडीला जाहिरातींची कामं करायची, असं सुरू झालं.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते ब्रुकलिन कॉलेजमध्ये. तिथे ग्यॉर्गी केपेश नावाचे हंगेरीतून आलेले शिक्षक होते. जर्मनीतल्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेच्या विचारांत ते मुरलेले. त्या विचारांचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर, चित्रातलं जे काम करत नाही ते काढून टाका. एका रेघेत सांगता येत असेल तर दहा रेघा कशाला? बॅस यांनी ही गोष्ट आयुष्यभर सोडली नाही. पुढचं त्यांचं कुठलंही काम बघा, त्यात दोन-तीन रंग, एखादा आकार आणि ठसठशीत अक्षरं, एवढंच असतं.

१९४६ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि हॉलिवूडच्या सिनेमांच्या छापील जाहिराती करू लागले. अजून पडद्याशी त्यांचा संबंध नव्हता. काम सगळं कागदावर.

तेव्हा टायटल्स म्हणजे काय असायची?

इथे थोडं थांबून तंत्र समजून घेऊ. आज आपण ॲपमध्ये 'टेक्स्ट' दाबतो आणि नाव टाइप करतो. तेव्हा या कामाला काँप्युटर नव्हते. अक्षरं हाताने रंगवायची किंवा छापायची, कार्डावर किंवा काचेवर. त्याचं कॅमेऱ्याने चित्रीकरण करायचं. मागे दृश्य हवं असेल तर ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर दोन फिल्म्स एकत्र करून तिसरी फिल्म तयार करायची. आज आपण ज्याला लेयर म्हणतो, तो तेव्हा खराखुरा फिल्मचा तुकडा होता!

एवढी खटपट करूनही बहुतेक सिनेमांत नावांच्या पाट्या एकामागून एक यायच्या, एवढंच. प्रेक्षक तेवढ्या वेळात खुर्ची शोधायचे, पॉपकॉर्न आणायचे. अमेरिकेतल्या अनेक थिएटरांत तर नावं चालू असताना पडद्यासमोरचा मखमली पडदाही उघडलेला नसायचा. नावं त्या कापडावरच पडायची. म्हणजे 'स्किप इंट्रो'चं बटण नव्हतं, पण सवय तीच होती.

कागदाचा वाकडा हात

१९५४ मध्ये दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर यांच्या 'कार्मेन जोन्स'साठी बॅस यांनी पोस्टरचं चित्र केलं: गुलाब आणि ज्वाळा. प्रेमिंजर यांना ते इतकं आवडलं की हेच चित्र पडद्यावर हलतं दाखवायचं ठरलं. बॅस यांचं हे पहिलं टायटल.

पण खरा धमाका झाला पुढच्या वर्षी. 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' हा सिनेमा हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्या माणसाचा. नायक फ्रँक सिनात्रा, त्या काळचा मोठा स्टार. तेव्हा अमेरिकन सिनेमात अमली पदार्थांचं व्यसन दाखवायलाच बंदी होती. त्या नियमांचं प्रमाणपत्र या सिनेमाला मिळालं नाही. असा सिनेमा विकायचा कसा? कोणीही म्हणेल, सिनात्राचा चेहरा मोठा छापा! बॅस यांनी चेहऱ्याऐवजी एक हात दिला. काळ्या कागदातून कापल्यासारखा, वेडावाकडा, पिळवटलेला.

पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या येतात. एक, मग दोन, मग आणखी. त्यांच्यामध्ये नावं. मागे एल्मर बर्नस्टीन यांचं जॅझ. पट्ट्या सरकतात, अंगावर येतात आणि शेवटी त्यांचाच तो वाकडा हात होतो. सिनेमातलं पहिलं दृश्य यायच्या आधीच पोटात कसंतरी होतं. कथेतली घुसमट प्रेक्षकाला आधीच कळलेली असते.

असं सांगतात की हा सिनेमा थिएटरांत गेला तेव्हा फिल्मच्या डब्यांवर एक सूचना लावलेली होती: टायटल्स सुरू व्हायच्या आधी पडदा उघडा. मला या गोष्टीतली ही जागा फार आवडते. चार ओळींच्या चिठ्ठीनेही कधीकधी 'स्किप'चं बटण काढून टाकता येतं.

तोफेच्या यंत्रातून निघालेली चक्रं

यानंतर बॅस यांना आल्फ्रेड हिचकॉक यांनी बोलावलं. या दोघांनी तीन सिनेमे एकत्र केले, आणि तिन्हींची टायटल्स आजही शिकवली जातात.

पहिला 'व्हर्टिगो', १९५८ चा. उंचीवर गेल्यावर गरगरणाऱ्या माणसाची गोष्ट. टायटलमध्ये एका बाईचा चेहरा अगदी जवळून दिसतो. आधी ओठ, मग डोळे. पडदा लाल होतो, डोळ्यातून सिनेमाचं नाव बाहेर येतं आणि मग फिरणारी चक्रं सुरू होतात. बघताना खरोखर गरगरतं.

ही चक्रं कशी काढली? ती जॉन व्हिटनी या कलाकाराची. व्हिटनी यांनी दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या, विमानांवर तोफेचा नेम धरणाऱ्या यंत्रांचे भाग वापरून चित्रं काढणारी यंत्रं बांधली होती. उडत्या विमानाचा वेग आणि दिशा बघून तोफ कुठे वळवायची, याचं गणित ती यंत्रं दातेरी चाकांनी करायची. म्हणजे तो एक प्रकारचा काँप्युटरच. युद्ध संपलं, आणि त्याच चाकांनी कागदावर वळणं काढायला सुरुवात केली.

या वळणांना लिसाजू वक्र म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच गणितज्ञाच्या नावावरून. कल्पना सोपी आहे. समजा तुम्ही झोपाळ्यावर पालथे झोपलात आणि हातातल्या खडूचं टोक जमिनीला टेकलंय. झोपाळा पुढेमागे जातोय आणि थोडा आडवाही हलतोय. जमिनीवर सरळ रेघ येणार नाही, वेटोळं येईल. दोन्ही हालचालींचा वेग किती कमीजास्त, यावर वेटोळ्याचा आकार ठरतो. बास, एवढंच गणित. सिनेमात काँप्युटरच्या मदतीने काढलेल्या चित्रांचा इतिहास सांगताना म्हणूनच या टायटलचं नाव घेतलं जातं.

अक्षरं लिफ्टसारखी, अक्षरं चिरलेली

पुढच्याच वर्षी 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' आला. हिरव्या पडद्यावर तिरप्या रेघांचं जाळं आखलं जातं आणि त्या रेघांवरून नावं लिफ्टसारखी वरखाली सरकतात. थोड्या वेळाने जाळं विरघळतं आणि कळतं की ती न्यूयॉर्कमधल्या एका काचेच्या इमारतीची भिंत आहे, काचांत खालच्या रस्त्यावरच्या गाड्या दिसतायत. धावपळीच्या शहरातला, धावपळीत सापडलेला नायक, हे एकही संवाद न बोलता सांगून झालं. रील्समध्ये शब्द उडत, सरकत, आपटत येतात ना? त्याला कायनेटिक टायपोग्राफी म्हणतात, म्हणजे हलणारी अक्षरं. सिनेमात तिचा इतका मोठा वापर करणाऱ्या पहिल्या कामांत हे टायटल गणलं जातं.

१९६० चा 'सायको' तर त्याहून साधा. फक्त करड्या-काळ्या पट्ट्या. त्या झपकन येतात, जातात, नावांना मधून चिरतात. अक्षरांचे आडवे तुकडे केलेले, ते आधी एकमेकांवरून सरकलेले असतात, मग क्षणभर जुळतात, की पुन्हा फुटतात. मागे बर्नार्ड हरमन यांची व्हायोलिनं. मनाने दुभंगलेल्या माणसाची गोष्ट आहे, हे नंतर कळतं. अक्षरांनी ते आधीच सांगितलेलं असतं.

गंमत म्हणजे हे सगळं हातकाम. धातूच्या खऱ्याखुऱ्या पट्ट्या पाटावर ठेवायच्या, वरून कॅमेरा, पट्टी किंचित सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं लागतात. दोन मिनिटांचं टायटल म्हणजे २८८० चित्रं. आणि आपण तेवढ्याच वेळात 'रेंडर व्हायला फार वेळ लागतो यार' म्हणतो!

पण नाव कोणाचं?

इथपर्यंत वाचून मी बॅस यांचा फॅन झालो होतो. मग एक गोष्ट खटकली. 'व्हर्टिगो'ची चक्रं व्हिटनी यांची. या तिन्ही सिनेमांच्या टायटल्समधली अक्षरं प्रत्यक्ष तयार करणारे हॅरॉल्ड ॲडलर नावाचे कसबी कारागीर होते. पडद्यावर टायटल्सचं श्रेय मात्र एकट्या सॉल बॅस यांना. नावं दाखवायची कला, आणि त्यातच काही नावं राहून गेली.

श्रेयाचा वाद स्वतः बॅस यांनाही चुकला नाही. 'सायको'मधलं शॉवरखालच्या खुनाचं दृश्य कोणाला माहीत नाही? त्याचा चित्रांतला आराखडा, म्हणजे स्टोरीबोर्ड, बॅस यांनी काढला होता. सिनेमात त्यांना चित्र-सल्लागार असं वेगळं श्रेयही आहे. पण पुढे त्यांनी सांगितलं की ते दृश्य चित्रित केलंही मीच. नायिका जेनेट ली आणि सेटवरच्या इतरांनी हे साफ नाकारलं. सिनेमाचे अभ्यासक अजूनही त्यावर वाद घालतात. मला विचाराल तर आराखडा बॅस यांचा आणि दृश्य हिचकॉक यांचं, एवढं मानायला हरकत नाही. पण आपल्या कामाला आपलं नाव नीट लागलं नाही, ही सल किती खोल जाते, ते मात्र यातून कळतं.

आणि एक नाव याच घरातलं. एलेन मकाटुरा. १९५० च्या दशकात बॅस यांच्या ऑफिसात कामाला आल्या, 'स्पार्टाकस'च्या टायटलपासून बरोबरीने काम करू लागल्या. रोमन पुतळ्यांचे हात, चेहरे, आणि शेवटी तडकत जाणारा एक चेहरा, असं ते टायटल आहे. १९६१ मध्ये दोघांनी लग्न केलं. त्याच वर्षीच्या 'वेस्ट साइड स्टोरी'च्या शेवटी सगळी नावं भिंतींवर, दारांवर, रस्त्यावरच्या पाट्यांवर खरडलेली दिसतात. कॅमेरा त्यांच्यावरून हळूहळू फिरतो. रडून जड झालेल्या प्रेक्षकाला थिएटरातून लगेच उठवायचं नाही, थोडं सावरू द्यायचं, हे काम तिथे नावांनी केलंय.

तरीही बराच काळ जग फक्त सॉल बॅस यांनाच ओळखत होतं. एलेन यांचं नाव पडद्यावर नवऱ्याच्या बरोबरीने ठळक झालं ते खूप नंतर.

लोगोंची वर्षं आणि दुसरा डाव

१९६० च्या दशकाच्या शेवटी टायटल्सची कामं कमी झाली. त्यांची नक्कल करणारे खूप झाले होते. बॅस दांपत्याने मोर्चा छोट्या फिल्म्सकडे वळवला. माणूस नवं काही का निर्माण करतो, यावरच्या 'व्हाय मॅन क्रिएट्स' या १९६८ च्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. १९७४ मध्ये सॉल यांनी 'फेज फोर' हा मुंग्यांवरचा विज्ञानपट दिग्दर्शित केला. तो चालला नाही, आणि मोठा सिनेमा त्यांनी पुन्हा दिग्दर्शित केला नाही.

पण याच काळात त्यांचं काम अमेरिकेच्या रस्त्यारस्त्यावर पोचलं. बेल टेलिफोनची १९६९ ची घंटा, युनायटेड एअरलाइन्सचं १९७४ चं चिन्ह, एटी अँड टीचा १९८३ चा रेघारेघांचा गोल, हे सगळे लोगो बॅस यांच्या ऑफिसातले. नीट बघा, लोगो आणि टायटल यांची युक्ती एकच: एका आकारात सगळी गोष्ट.

मग त्यांचे सिनेमे बघत मोठी झालेली पिढी दिग्दर्शक झाली आणि तिने या जोडीला परत बोलावलं. १९८७ च्या 'ब्रॉडकास्ट न्यूज'पासून हा दुसरा डाव सुरू झाला. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्यासाठी त्यांनी चार सिनेमे केले. 'गुडफेलाज'मध्ये नावं भरधाव गाडी शेजारून जावी तशी सुसाट जातात. 'केप फिअर'मध्ये ती पाण्याच्या लहरींवर थरथरतात. 'द एज ऑफ इनोसन्स'मध्ये लेस आणि जुन्या हस्ताक्षरातून फुलं उमलत राहतात. आणि १९९५ च्या 'कसिनो'त एक माणूस आगीच्या ज्वाळांतून, लास व्हेगासच्या दिव्यांतून खाली पडत जातो. ते शेवटचं. २५ एप्रिल १९९६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये सॉल बॅस गेले. पंचाहत्तर वर्षांचे होते. स्कॉर्सेसींच्या सिनेमांत श्रेय दोघांचं आहे, सॉल आणि एलेन.

२०१३ मध्ये त्यांच्या वाढदिवसाला गुगलने त्यांच्याच टायटल्सच्या ढंगात एक छोटा ॲनिमेटेड डूडल केला होता. शोधून बघा, सव्वा-दीड मिनिटात त्यांची सगळी युक्ती डोळ्यांसमोर येते.

आता तुमच्या फोनवर

हे सगळं वाचून मी आमची फिल्म पुन्हा उघडली. 'सायको'सारखी अक्षरं फोडायची ठरवली आणि पहिल्याच पावलाला आपटलो. बऱ्याच ॲप्समध्ये एकेक अक्षर वेगळं हलवायची सोय असते. इंग्रजीत ती मस्त चालते. मराठीत 'मूर्ती' लिहिलं की वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे. कारण ॲप प्रत्येक मात्रेला वेगळं अक्षर समजतं.

मग बॅस यांचीच जुनी पद्धत कामी आली. नाव टाइप करून त्याचं चित्र म्हणून सेव्ह करा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा. तेच चित्र तीन लेयर्समध्ये घ्या. मास्क वापरून एकात वरचा तुकडा, एकात मधला, एकात खालचा ठेवा. कीफ्रेम लावून तुकडे आधी इकडेतिकडे सरकवा आणि अर्ध्या सेकंदात जुळवा. मात्रा कुठेच पळत नाहीत, कारण आपण अक्षर नाही, अख्खं चित्र कापतोय.

दुसरं म्हणजे आपल्याकडे शिरोरेघ आहे! बॅस यांना पट्टी बाहेरून आणावी लागली, आपल्या लिपीत ती आधीपासूनच आहे. आधी नुसती रेघ येऊ द्या, मग तिला अक्षरं लटकू द्या. मी हेच केलं.

आणि वेळ? आता माझा साधा नियम आहे. पडद्यावरचं नाव मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ते थांबलं पाहिजे. पार्श्वभूमी गडद, अक्षर ठळक, एका वेळी एकच नाव.

नवीन टायटल ५४ सेकंदांचं झालं. त्यासाठी फिल्ममधला माझा सगळ्यात लाडका शॉट काढावा लागला, थोडं जिवावर आलं. मग फाइल साउंडवाल्या मित्राला पाठवली. त्याने काही लिहिलं नाही, फक्त एक स्क्रीनशॉट परत पाठवला. रेघ आलेली, आणि तिच्याखाली त्याचं पूर्ण नाव. थोड्या वेळाने बघितलं, तर तोच स्क्रीनशॉट त्याच्या आईच्या व्हॉट्सॲप स्टेटसला होता.

तेव्हा मित्रांनो, आज रात्री जे काही बघाल, त्याचं टायटल एकदा तरी पूर्ण बघा. अंगठा कोपऱ्यात गेला तर जाऊ द्या. फक्त दाबू नका.